कॉस्टिकच्या बादलीतलं येझदीचं कव्हर

लातुरात औसा रोडला आपलं बफिंगचं, म्हणजे धातू घासून चमकवायचं दुकान आहे, जुन्या गाड्यांचं ॲल्युमिनियमचं काम येतं. मागच्या उन्हाळ्यात एका रिटायर गुरुजींनी त्यांची १९८६ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल आणली. मधी कुण्या पेंटरनं इंजिनच्या कव्हरवर सिल्व्हर कलर मारून ठेवला होता, त्याचे पोपडे निघायले होते आणि कास्टिंगमधलं, म्हणजे ओतीव धातूतलंच उठावाचं येझदी नाव कलरखाली पार बुजलं होतं. गुरुजी म्हणले, बाकी कसंही कर, पण नाव दिसलं पाहिजे.

सकाळी मी सामान आणायला गंजगोलाईत गेलो, जाताना पोराला म्हणलं कव्हरचा कलर काढून ठेव. पोरगं नवीन, आधी फॅब्रिकेशनच्या दुकानात होतं, तिथं लोखंडाचा कलर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं इथंबी तेच केलं. मी आलो तर बादली चुलीवर ठेवल्यासारखी उकळायली, वर फेस, नाकात झणका. आधी शेजारच्याचं वेल्डिंग बंद करायला लावलं कारण ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये पडलं की हायड्रोजन सुटतो, एक ठिणगी पुरे. मग हातमोजे घालून पकडीनं कव्हर बाहेर काढलं आणि नळाखाली धरलं. काळंकुट्ट, तव्याच्या बुडासारखं. बोट फिरवलं तर काजळी निघायली अन् तिच्याखाली बारीक बारीक खड्डे.

पोराच्या डोळ्यात पाणी. त्याला काय बोलणार, कशानं काढ ते मीच सांगितलं नव्हतं.

ते काळं म्हणजे जळालेलं नसतं. कास्टिंगमध्ये ॲल्युमिनियमसोबत सिलिकॉन, थोडं तांबं असतं, कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकतं आणि हे वर उरतं. काजळी पुसता येते, गेलेला धातू येत नाही. आणि येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ लाच बंद पडलेला, तसलं ओरिजिनल कव्हर आणायचं कुठून? सरळ फोन लावला, गुरुजी, माझ्या दुकानात चूक झालीय, तुम्ही या. दुपारच्या एसटीनं आले. कव्हर हातात घेतलं, अंगठ्यानं नाव चाचपलं आणि एवढंच म्हणले, "अक्षरं हायत अजून. घे कामाला."

मशीनच्या बफला, म्हणजे फिरत्या कापडी चाकाला लावलं असतं तर अर्ध्या तासात चमकलं असतं, पण खड्डे चमकून आणखीनच दिसले असते, आणि बफ आधी उठाव खातो, अक्षराच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. कित्येक जुन्या गाड्यांची नावं अशीच पुसली गेलीत, मला लई वाईट वाटतं ते बघून. म्हणून हातानंच बसलो. रॉकेल लावून २२० चा पॉलिश पेपर, नंबर वाढेल तसा पेपर बारीक, मग ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा, आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही. अक्षरांच्या मधल्या जागेला आइस्क्रीमच्या काडीला पेपर चिकटवून घासलं, तो भाग पोरानं केला, मान वर न करता. गुरुजी स्टुलावर बसून होते, मधीच मार्कर मागितला आणि कॉस्टिकच्या डब्यावर फळ्यावरच्यासारख्या अक्षरात लिहिलं, फक्त लोखंडासाठी.

शेवटी मऊ कापडाचा बफ, हलक्या हातानं, तोबी नाव सोडून. झेडच्या खालच्या रेघेत एक खड्डा राहिला, तो काढायचा तर अक्षरच खाली बसलं असतं, म्हणून सोडला आणि गुरुजींना दाखवला. रात्रीचे साडेनऊ झाले होते. वरून लॅकरचा पारदर्शक थर मारू का विचारलं, नाहीतर उघडं ॲल्युमिनियम पावसाळ्यात पांढरं पडतं. ते नको म्हणले, लॅकर पिवळा पडतो, दर रविवारी मीच पुसत जाईन. पैसे मी घेत नव्हतो तर त्यांनी पोराच्या खिशात कोंबले.

परवा आले होते, चेनला तेल घालायला. कव्हरमध्ये माझा चेहरा दिसायला होता.