आमची वाटचाल : यू-वनविरुद्धची वीस अक्षरं

आमची फर्म ऑलिगो, म्हणजे डीएनए-आरएनएचे मोजक्या अक्षरांचे (बेसचे) तुकडे, बनवते. भोसरीच्या एमआयडीसीत 2007 साली सेकंड-हँड सिंथेसायझर (बेसला बेस जोडत तुकडा बनवणारं मशीन) घेऊन मी आणि माझा भागीदार धंद्यात उतरलो. मशीन कसंबसं परवडलं, पण आर्गॉनचे सिलिंडर आणि कोरडं अ‍ॅसिटोनायट्राइल यांनी घाम काढला. पावसाळ्यात बाटली उघडताना हात जरा रेंगाळला की हवेतली ओल आत शिरते आणि कपलिंग, म्हणजे दर फेरीला पुढचा बेस जोडला जाण्याचं प्रमाण, घसरतं. कपलिंग 99 टक्के असेल तर 20 बेसच्या साखळीत पूर्ण लांबीचा माल सुमारे 83 टक्के निघतो. 98 वर आलात की 68. दर फेरीला ट्रायटिल (बेसच्या टोकावरचं तात्पुरतं झाकण) उतरताना येणारा नारिंगी रंग आम्ही आजही डोळ्यांनी बघतो. मॉनिटरवर आलेख दिसतो, पण रंग फिकटला की आमच्या केमिस्टला त्याच्या आधी कळतं.

पुढची वर्षं पीसीआरच्या प्रायमरवर, म्हणजे डीएनएचा हवा तो भाग वाढवायला लागणाऱ्या ऑलिगोंवर, गेली. सांगायचं आहे ते 2014 च्या प्रकरणाबद्दल. त्यात फर्म बुडायला आली होती, आणि आमचाच माल कच्चा होता अशी त्याची चुकीची हकिकत अजून बाजारात फिरते.

एका संस्थेने पेशीतल्या यू-वन या छोट्या आरएनएविरुद्ध 20 बेसचा डीएनए ऑलिगो मागवला. प्रयोग 1980 च्या दशकापासून चालत आलेला. प्री-एमआरएनएतले (जनुकाच्या कच्च्या आरएनए नकलेतले) इंट्रॉन, म्हणजे नको असलेले तुकडे, कापून एक्सॉन, म्हणजे ठेवायचे तुकडे, जोडायचे असतात; हेच स्प्लायसिंग. इंट्रॉन कुठे सुरू होतो हे आधी यू-वन ओळखतो. त्याचं पाच-प्राइम टोक (साखळीचं सुरुवातीचं टोक; दुसरं तीन-प्राइम) तिथल्या अक्षरांशी बेसला बेस जुळतं. जोन स्टाइट्झ आणि मायकल लर्नर यांनी ल्युपस या स्वयंप्रतिकार आजाराच्या रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वापरून हे छोटे आरएनए-प्रथिन कण पकडले, आणि 1980 साली त्यांचा स्प्लायसिंगशी संबंध असावा असं मांडलं. यू-वनमागून तसाच यू-टू येतो, इंट्रॉनच्या आतल्या शाखाबिंदूवर बसतो आणि तिथलं एक अ‍ॅडिनीन जोडीबाहेर ढकलतो. मग यू-फोर, यू-फाइव्ह आणि यू-सिक्स एकत्रच येतात. यू-वनची जागा यू-सिक्स घेतो, यू-फोर सुटून जातो, आणि मगच कापणी होते. म्हणजे यू-वनचं टोक आपल्या ऑलिगोने धरलं आणि आरएनएज-एचने (डीएनएशी जोडलेला आरएनए कापणाऱ्या विकराने) ते कापून टाकलं, की पेशींच्या अर्कातलं स्प्लायसिंग थांबलं पाहिजे.

त्यांच्या अर्कात ते थांबलं नाही. आम्ही मास स्पेक्ट्रम, म्हणजे रेणूचं वजन दाखवणारा आलेख, पाठवला. वजन अचूक होतं. पदरचे पैसे घालून ऑलिगो पुन्हा बनवून दिला. तरी तेच. मग बिल अडलं, आणि त्या संस्थेतल्या बाकीच्या लॅबची बिलंही अडली. त्या काळात आमचा निम्मा धंदा तिथूनच यायचा. एका मोठ्या कंपनीचा विक्रेता त्याच आठवड्यात लॅबोलॅब फिरून ‘भोसरीवाल्यांचा माल कच्चा’ म्हणून सांगत होता. भागीदार बाहेर पडला. पगार देण्यासाठी मी गाळ्यावर कर्ज काढलं.

वाचवलं ते आमच्या मॅडमनी. यीस्टमधल्या स्प्लायसिंगवर त्यांचं काम. पहिल्या वर्षापासून ऑलिगो आमच्याकडूनच घेतात. त्यांनी ऑर्डरची मूळ ईमेल मागवली आणि वाचता वाचताच फोन केला, “अहो, यात जीटीएएजीटी कुठाय?” यू-वनच्या टोकाला पूरक असा तुकडा म्हणजे इंट्रॉनच्या आरंभाभोवतीचीच अक्षरं, एक्सॉनच्या शेवटचं सीएजी आणि पुढे इंट्रॉनचं जीटीएएजीटी. ऑर्डरमध्ये होतं टीजीएएटीजी. तिथल्या विद्यार्थ्याने टोकं न लिहिता सगळा क्रम तीन-प्राइमकडून टाइप केला होता. आम्ही जगाच्या रिवाजाप्रमाणे डावीकडचं टोक पाच-प्राइम धरलं. उलट्या क्रमात अक्षरं तीच राहतात आणि वजनही तेच, मग मास स्पेक्ट्रममध्ये दिसणार काय?

मॅडमनी सरळ क्रमाचा ऑलिगो आमच्याकडून करून घेतला आणि ओळखीच्या लॅबमधून हेला पेशींचा (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचा) अर्क मिळवून प्रयोग स्वतः लावला. स्प्लायसिंग थांबलं. जेलवर लॅरियटची, म्हणजे कापताना इंट्रॉनच्या होणाऱ्या फासाची, पट्टी उमटली नाही. तो फोटो त्यांनी आपल्या नावाने त्या संस्थेला पाठवला. बिलाचे पैसे आले, निम्मेच. दिलगिरीचा एक शब्द आला नाही, आणि तो विक्रेता जे बोलून गेला ते मागे घ्यायला कोणी पुढे आलं नाही. आमच्या मालात दोष नव्हता, हे मी इथे लिहून ठेवतो.

ऑर्डर देणाऱ्यांनी दोन्ही टोकं लिहावीत. वजन जुळलं म्हणजे क्रम जुळला असं धरू नये. धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी ग्राहकाची मूळ ईमेल कधी पुसू नये. आणि आरएनएच्या नळीला हातमोज्याशिवाय हात लावू नये, पाणी डीईपीसीचं (आरएनए तोडणारी विकरं नष्ट केलेलं) असलं तरी.

आता आम्ही गंधक घातलेले आरएनए तुकडेही करतो. 2013 साली शिकागो विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की कापणीला लागणारे धातूचे आयन यू-सिक्सच्याच फॉस्फेटना धरलेले असतात. ठरावीक फॉस्फेटमधल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवून त्यांनी हे सिद्ध केलं. म्हणजे खरं काम आरएनए करतो, आणि ते कळायला आमच्यासारख्यांच्या रसायनाचीच गरज लागली. तो पेपर मॅडमनी मला शेजारी बसवून समजावला होता.

गेल्या काही महिन्यांत रुग्णालयांच्या जनुक-तपासणी लॅब आरएनयू-फोर-टूचे प्रायमर मागतात. या जनुकातून यू-फोर बनतो, दीडशेहूनही कमी बेसचा. त्यात ठरावीक जागी एक बेस जास्तीचा घुसला तरी मुलाच्या मेंदूच्या वाढीवर गंभीर परिणाम होतो, हे 2024 साली उघड झालं. त्यातून प्रथिन बनत नाही, म्हणून नेहमीच्या एक्सोम तपासणीत (प्रथिनं बनवणारे भागच वाचणाऱ्या तपासणीत) तो भाग सहसा वाचलाच जात नाही. कितीतरी घरं वर्षानुवर्षं उत्तराशिवाय राहिली. या प्रायमरचा क्रम जनुकाच्या आतला घेऊ नका, दोन्ही बाजूंच्या भागातला घ्या. शेजारी आरएनयू-फोर-वन जवळजवळ तशाच अक्षरांचा आहे, आतले प्रायमर दोन्ही वाढवतात. तसा क्रम आमच्याकडे आला तर मशीनवर चढवण्याआधी आम्ही फोन करतो.