तुम्ही विचारलंत म्हणून: घंटा नसलेल्या घरात घड्याळ कोण बघतं?

आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, हे कळलं की पहिला प्रश्न कायद्याचा येतो आणि दुसरा वेळेचा. पहिला पटकन उरकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकलंय, पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा काय, हे त्यात कुठेच नाही. आमच्यासारखी घरं त्या मधल्या जागेत राहतात.

दुसरा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गेटपाशी, कुठेही येतो. "घंटा नाही, तास नाहीत, मग मुलांना वेळेचं वळण लागणार कसं?"

मला विचाराल तर शाळेतल्या मुलांनाही ते वळण शाळेमुळे लागतं असं नाही. सकाळी व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतात, आई डबा हातात कोंबते, शाळेत तासामागून तास बदलतो, संध्याकाळी क्लासवाले बोलावतात. मूल वेळेवर पोचतं हे खरं, पण घड्याळ बघतात ती सगळी दुसरी माणसं. घंटेचा एक गुण मात्र मी मानते. ती थांबवते. घरी शिकणाऱ्या मुलाला अभ्यासाला बसवणं एकवेळ सोपं, उठवणं कठीण. आमची मोठी चित्राला बसली की जेवण, आंघोळ, आलेला पाहुणा, कशाचं म्हणून भान नसतं. म्हणून आठवड्यातून काही गोष्टी आम्ही मुद्दाम अशा ठेवल्यात, ज्या कुणासाठी थांबत नाहीत. नाशिकला त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावरची पोहण्याची बॅच ही त्यातली एक. तिथे उशीर झाला तर तेवढं पोहणं कमी, विषय संपला. आईला ओरडावं लागत नाही, हा माझा फायदा.

बाकी वेळापत्रक मी करत नाही. एक वही आहे. कामाला बसण्याआधी ज्याने त्याने त्यात अंदाज लिहायचा, झाल्यावर खरी वेळ. धाकटा दहा वर्षांचा. त्याचं "अपूर्णांक, १५ मिनिटं" असं लिहिलेलं असतं आणि शेजारी "५०". त्या पन्नासात पेन्सिलीला टोक करणं, पाणी पिणं, गॅलरीतून खाली कोण आलंय ते बघणं, सगळं येतं. मी काही बोलत नाही. अलीकडे तो स्वतःच "अपूर्णांक १५, इकडचं तिकडचं २०" असं लिहायला लागलाय. इकडच्या तिकडच्याला वेगळा रकाना द्यायचं मला सुचलं नसतं.

पण वेळेचा खरा हिशोब मुलं शिकली ती दिंडोरी तालुक्यात, माझ्या भावाच्या द्राक्षबागेत. द्राक्षवाल्याला तारीख विचारा, तो दिवस सांगतो. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की तिथून मोजणी सुरू. "बाग कितव्या दिवसावर आहे?" हाच प्रश्न, मग गाठ लग्नात पडो की दवाखान्यात. पोंगा (डोळा फुटणं), फुलोरा, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), विरळणी, मण्यात पाणी उतरणं, सगळं त्या दिवसांवर. छाटणीपासून माल काढायला साधारण १२० ते १३० दिवस धरतात. म्हणजे माल फेब्रुवारीच्या मध्याला हवा असेल तर उलटं मोजत जायचं आणि ऑक्टोबरात कात्री लावायची. बागलाण तालुक्यात हंगामाआधीचा भाव मिळावा म्हणून छाटणी पावसाळ्यातच घेतात, रोगाची जोखीम पत्करून. हे सगळं मामाने मुलांना बांधावर बसून सांगितलं, आणि वर म्हणाला, "थंडी वाढली की मणी फुगायचा थांबतो. चार दिवस हातचे ठेवायचे."

ते चार दिवस मुलीने बरोबर उचलले. ती पंधराची, दहावी एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा मंडळातून देतेय. तिथे परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच विषय एकदम द्यायची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. ऐकायला ही चैन वाटते. प्रत्यक्षात एवढ्या मोकळेपणात पुढे ढकलण्याचा मोह जबरदस्त, आणि मोठ्या माणसांनाही तो आवरत नाही (माझं आयटी रिटर्न दरवर्षी याची साक्ष देतं). तिने आधी मराठी, चित्रकला आणि गृहविज्ञान घेतलं. गणित-विज्ञान पुढच्या खेपेला. मग परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत आली, धड्यांना दिवस वाटले आणि शेवटचे दहा दिवस कोरे सोडले. त्यावर पेन्सिलीने "थंडी" असं लिहिलंय. त्या थंडीत आतापर्यंत एक ताप आणि आतेबहिणीचा साखरपुडा जाऊन बसलाय.

हे सगळ्यांना जमेल का, तर नाही. घरात दिवसा एक मोठं माणूस लागतं. मी अर्धवेळ हिशोबाचं काम घरून करते, म्हणून निभतं. दोघंही अंबडच्या कंपनीत शिफ्टला असते, तर मी शाळेचाच फॉर्म भरला असता आणि मुलांच्या हाती फक्त ती वही दिली असती. मोबाइलचं विचाराल, तर तिथे अजून वहीची मात्रा चालत नाही. धाकट्याचा "१० मिनिटं" हा अंदाज तिथे कायम दहाच असतो आणि फोन मीच काढून घेते.

आणि हो, सकाळी किती वाजता उठतात, हेही सगळे विचारतात. धाकटा सहाला. मोठी साडेआठच्या आत नाही.