हलचा हेसल रोड

आज दुपारी इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या शहरात, हेसल रोडवर बराच वेळ चालले. ही अख्खी वस्ती एकेकाळी मासेमारीवर जगायची. घरचा माणूस बोटीवर निघाला की त्या दिवशी बायका कपडे धूत नसत. धुतले तर तो वाहून जाईल म्हणून. १९६८च्या जानेवारी-फेब्रुवारीत मासेमारीच्या तीन मोठ्या बोटी, ट्रॉलर, बुडाल्या, ५८ माणसं गेली. मग मासळीच्या कारखान्यात राबणारी लिलियन बिलोका डोक्याला रुमाल बांधून उभी राहिली. १०,००० सह्या घेऊन थेट लंडनला मंत्र्यांपुढे! प्रत्येक बोटीवर रेडिओ ऑपरेटर हवा, अशा साध्या मागण्या. त्या मान्य झाल्या, पण तिची नोकरी गेली. फार जीव तुटला वाचून.

संध्याकाळी बाकावर चिप स्पाइस नावाचा तांबडा मसाला भुरभुरलेले गरम चिप्स (बटाट्याचे तळलेले लांब तुकडे) खात होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "माझे वडील आइसलँडकडे जायचे." पुढे बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.