दुकान नसताना मुद्रा कर्ज : घरगुती साडी सेलचा माझा अनुभव

"दुकान कुठं आहे?" बँकेच्या टेबलावर आमचा धंदा या एका प्रश्नापाशी अडतो. भिशीला, हळदी-कुंकवाला किंवा कुणाच्या हॉलमध्ये बारा-पंधरा बायका जमवून साड्या, ड्रेस मटेरियल विकणं कोल्हापुरात गल्लोगल्ली चालतं. जवळच्या गांधीनगरच्या घाऊक कापडबाजारातून माल उचलायचा आणि राजारामपुरी, रुईकर कॉलनी, कळंब्यात नेऊन दाखवायचा. पण कर्जाच्या फॉर्ममध्ये या धंद्याला रकानाच नाही. मुद्रा योजना 2015 पासून आहे, 50 हजारांपर्यंत शिशु आणि त्यापुढं 5 लाखांपर्यंत किशोर. नियमात कुठंही दुकान असलंच पाहिजे असं नाही, तरी आमच्या शाखेत भाडेकराराशिवाय फाइल पुढं सरकेना.

उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदीला, काही अडचण येत नाही. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. त्यात धंद्याच्या प्रकाराचा कोड मात्र नीट निवडा. दुकानातल्या कापडविक्रीचा कोड घातला की दुकानाचा प्रश्न आपणच ओढवून घेतो. दुकान, स्टॉल, बाजार सोडून होणाऱ्या किरकोळ विक्रीसाठी 47990 हा वेगळा कोड आहे, तो घ्या. "ट्रेडिंगवाल्यांना उद्यम चालत नाही" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की जुलै 2021 पासून किरकोळ आणि घाऊक व्यापार उद्यममध्ये घेतलाय, आणि तो बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठीच घेतलाय.

पत्ता घरचाच द्यायचा. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर "या जागेतून सुनेने व्यवसाय करण्यास माझी हरकत नाही" असं त्यांच्या सहीचं संमतीपत्र जोडा. शॉप अ‍ॅक्टचा परवाना मागतात. आपल्यासारखी मोजकीच माणसं असतील तर 2017 च्या कायद्यात परवाना नाहीच, नुसती सूचना द्यायची असते. 'आपले सरकार' पोर्टलवर ती दिली की पावती मिळते, तीच लावायची.

आता खरी रखडपट्टी. बँकेला कोटेशन लागतं, कारण पैसे आपल्या हातात न देता व्यापाऱ्याच्या खात्यावर सोडायचे असतात. आमच्या धंद्यात हे बसतच नाही. श्रावणात बघितलेलं डिझाइन नवरात्रात मिळत नाही, घाऊकवाला नगावर भाव ठरवतो आणि बऱ्याच ठिकाणी हातात कच्ची चिठ्ठी मिळते. डिझाइनच्या नावानं आणलेलं कोटेशन मंजुरी येईपर्यंत शिळं होतं, मग "नवीन आणा". नवीन आणलं की रक्कम अर्जाशी जुळत नाही, मग "अर्ज दुरुस्त करा". या फेऱ्यात सीझन निघून जातो. नवरात्राचा माल दिवाळीनंतर हातात येऊन उपयोग काय? साहेबांना याची घाई नसते, आपल्याला असते.

यातून वाट अशी निघाली. कोटेशन डिझाइनवर न घेता प्रकार आणि दरपट्ट्यावर घ्या. "सुती साडी, ब्लाउजपीससह 6.30 मीटर, दर 450 ते 650, नग 60" असं. खाली 5 टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला, व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर, बँक खातं, शिक्का, सही आणि "60 दिवस वैध" ही ओळ. ही ओळ नसेल तर कोटेशन घेऊन निघूच नका. दोन व्यापाऱ्यांची कोटेशनं लावली की एकाकडं माल संपला तरी फाइल थांबत नाही. पक्कं बिल देणारा व्यापारी नगामागं चार पैसे जास्त घेईल. तरी तोच धरा, बँकेला त्याचाच कागद चालतो.

त्याहून महत्त्वाचं, मुदत कर्ज मागू नका. बँक तेच पुढं करते, कारण ते सोपं पडतं. पण हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि पितृपक्षात, परीक्षेच्या दिवसांत आमची विक्री जवळजवळ बंद असते. मालासाठी कॅश क्रेडिट मागा. पैसे येतील तसे भरायचे, लागतील तसे काढायचे, व्याज वापरलेल्या रकमेवरच. रकमेचा हिशोबही ठरलेला आहे. वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या 25 टक्के खेळतं भांडवल धरतात, त्यातले 20 टक्के बँकेचे, 5 आपले. विक्री 6 लाख दाखवली तर 1 लाख 20 हजारांची मर्यादा आणि 30 हजार आपले. अर्जात हीच आकडेमोड लिहून दिली की "एवढे कशाला" हा प्रश्न मिटतो.

विक्रीचा पुरावा म्हणून सहा महिन्यांचं खातं बघतात. म्हणून कर्जाचा विचार येण्याआधीपासून सेलचे सगळे क्यूआर पैसे एकाच वेगळ्या खात्यात घ्या, रोखही त्यातच भरा. नवऱ्याच्या खात्यावर गेलेली विक्री बँकेच्या लेखी झालेलीच नसते.

मालाचं कपाट बघायला बँकेचा माणूस घरी येतो. प्रत्येक साडीला चिठ्ठी लावा: लॉट नंबर, खरेदीची तारीख, किंमत सांकेतिक अक्षरात. रजिस्टरमध्ये आलेले नग, सेलला नेलेले, परत आलेले, विकलेले असे चार रकाने. त्यानं हातात घेतलेली साडी रजिस्टरात लगेच सापडली पाहिजे. दुकानाचा विषय तिथंच संपतो. पुढं कॅश क्रेडिटसाठी हेच विवरण द्यायचं असतं. माल 1 लाख 60 हजार, व्यापाऱ्याचं देणं 40 हजार, उरले 1 लाख 20, त्यातून 25 टक्के मार्जिन, म्हणजे आपला वाटा, वजा केलं की मर्यादा 1 लाख 20 हजारांची असली तरी त्या वेळी 90 हजारच उचलता येतात.

10 लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला घर, सोनं, जमीन तारण मागायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. माल तारण राहतो, तो वेगळा विषय. अर्जाची तारखेसह पोच घ्या. अशा छोट्या कर्जावर 14 कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि नाकारलं तर कारण लेखी. मी पोच पुढं ठेवून लेखी कारण मागितलं, तेव्हा बंद पडलेली फाइल हलली. हे आधी कुणी सांगायला हवं होतं, म्हणून इथं सांगतेय. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा घ्यायचा असेल तर पात्रता प्रमाणपत्र कर्जाच्या आधी काढा.

जाहिरातीला फार पैसा लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणी मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो, म्हणून सेलमध्येच नंबर सेव्ह करून घ्या. वेळ दुपारी तीन ते साडेपाच. पांढरा एलईडी दिवा सोबत न्या, पिवळ्या उजेडात मोरपंखी आणि बॉटल ग्रीन सारखेच दिसतात आणि दुसऱ्या दिवशी साडी परत येते. फॉल-पिको झालेली साडी परत घेणार नाही, हे सुरुवातीलाच मोठ्यानं सांगा. जिच्या घरी सेल तिला विक्रीच्या 10 टक्के मालात द्या, रोख नको. जीएसटीसह 525 ला पडलेली साडी 750 ला गेली तर तिचे 75 वजा जाऊन 150 उरतात, त्यातच रिक्षा आणि पिशवी. उधारी दोन हप्त्यांपलीकडं नेली की हे 150 सुद्धा अडकतात.

निपाणी-बेळगावच्या पाहुण्यांकडून ऑर्डर येतात, त्या घेताना जपून. राज्याबाहेर माल विकला की 40 लाखांपर्यंतच्या विक्रीला असलेली जीएसटी नोंदणीची सूट लागू राहत नाही, नोंदणी आधी लागते.

बिनव्याजी पैसा हवा असेल तर संक्रांतीचं वाण धरा. संक्रांत ते रथसप्तमी हळदी-कुंकवं असतात, एकेकीला पन्नास-शंभर नग लागतात. दिवाळी आटोपली की नमुने दाखवायला सुरुवात करा, ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि त्यातूनच माल उचला.