वहिनीचा दुसरा रिपोर्ट

आज वहिनीचा दुसरा रिपोर्ट हातात आला. अँटीकार्डिओलिपिन, म्हणजे रक्तातलं एक चुकीचं प्रतिपिंड, पुन्हा जास्त. म्हणजे आता पक्कं झालं, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही, किमान 12 आठवड्यांनी परत तपासावं लागतं.

आधीची दोन बाळं गेली. एक 11व्या आठवड्यात, दुसरं 14व्यात. "होतं असं, पुढच्या वेळी विश्रांती घ्या," एवढंच तेव्हा ऐकायला मिळालं. नातेवाइकांनी पपई, जिना, नोकरी, सगळ्याला दोष देऊन झाला. या वेळच्या डॉक्टरबाईंनी मात्र जुनी फाइल पान न् पान वाचली आणि विचारलं, "पोटरी सुजून दुखली होती का कधी?" दुखली होती, लग्नाआधी. ते सांगायचं असतं हे तिला कुठे माहीत!

या आजारात शरीरच चुकीची प्रतिपिंडं तयार करतं आणि रक्त नको तिथे गोठतं, कधी पोटरीत, कधी बाळाच्या वारेतसुद्धा. दोन-तीनदा गर्भपात झालेल्या बायकांनी ही तपासणी डॉक्टरांना जरूर विचारा गं.

आता रक्त गोठू नये म्हणून रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी आणि रात्री नऊला पोटावर हेपॅरिनचं इंजेक्शन. दादाच देतो. पोटभर नाण्याएवढे जांभळे डाग पडलेत. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही हे कळलं, त्या रात्री ती पहिल्यांदा नीट झोपली.

आज 19वा आठवडा. रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवताना म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना गं?"

नव्हतं गं वहिनी. काहीच चुकलं नव्हतं.