बोटे हलतात ते वेगळे, दुखते ते वेगळे

माझ्या उजव्या पायाची बोटे माझ्या इच्छेवाचून हलतात. अंगठा वर उचलला जातो, शेजारची बोटे एकमेकांपासून फाकतात आणि पुन्हा मिटतात, करंगळी किंचित उशिरा त्यांना येऊन मिळते, आणि हे सेकंदाला साधारण एक-दोनदा या गतीने जागेपणी जवळजवळ सतत चालू असते. मन लावून थांबवायचे ठरवले तर क्षणभर थांबतात, लक्ष दुसरीकडे गेले की पुन्हा सुरू होतात. या हालचालीने मला काही दुखत नाही. दुखते ते दोन तऱ्हांनी: तळव्यात खोलवर असणारी जळजळ, जी बोटे हलू लागण्याच्या कित्येक महिने आधीपासून होती, आणि रात्री-बेरात्री येणारा गोळा, ज्यात तळव्याची कमान आत ओढली जाते, बोटे खाली वळतात आणि हाताने सरळ करू गेले तरी जागची हलत नाहीत. या तिन्ही गोष्टी एकाच पायात असल्या तरी डॉक्टरांपुढे त्यांची खाती वेगवेगळी मांडली पाहिजेत, हे ध्यानात यायला बराच काळ गेला, आणि हा सगळा मजकूर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

बडोद्यात दांडिया बाजारात मी शाळकरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सतरंजीवर मांडी घालून बसल्यामुळे पाय मुलांच्या डोळ्यांसमोरच असतो, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे हा या दुखण्याचा मला सर्वांत अवघड वाटलेला भाग होता. मोठी माणसे पाहून न पाहिल्यासारखे करतात, मुले मात्र अपूर्णांकांचा गुणाकार अर्धवट टाकून विचारतात, "काकू, तुम्ही मुद्दाम करता का?" गंमत अशी की हाच प्रश्न पुढे डॉक्टरांनीही निराळ्या शब्दांत विचारला.

सुरुवातीला मी पायात गोळा येतो एवढेच सांगत असे. आमच्याकडे गुजराती शेजारणी त्याला गोटला चढणे म्हणतात आणि तो त्यांच्यापैकी निम्म्या जणींना चढतो. त्यामुळे केळी खा, लिंबू-मीठ-पाणी घ्या, मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्या, असे उपाय लगोलग मिळाले. मॅग्नेशियमचा उपयोग झाला नाही, आणि उतारवयात पायात येणाऱ्या गोळ्यांवर त्याचा फारसा फायदा दिसत नसल्याचे नंतर डॉक्टरांनीच सांगितले. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी जुन्या काळची कोयनेलची, म्हणजे क्विनाइनची, गोळी सुचवली होती. ती मी घेतली नाही हे बरेच झाले, कारण रक्तातल्या प्लेटलेट आणि हृदयाची लय यांवर होणाऱ्या गंभीर परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने पायातल्या गोळ्यांसाठी कोयनेल वापरू नये असा इशारा २००६ सालीच दिलेला आहे.

मग तपासण्यांची रांग लागली. साखर, थायरॉइड, कॅल्शियम ठीक निघाले. बी-१२ कमी निघाले, जे माझ्यासारख्या पूर्ण शाकाहारी माणसात नवलाचे नाही. त्याची इंजेक्शने घेतल्यावर जळजळ थोडी कमी झाली, बोटे मात्र होती तशीच हलत राहिली. कमरेच्या एमआरआयमध्ये खालच्या दोन मणक्यांमधली चकती जराशी बाहेर आलेली दिसली, पण माझ्या वयात ती काहीही त्रास नसणाऱ्या पुष्कळ लोकांतही दिसते. प्रत्येक अहवालाने थोडे थोडे कारण दिले आणि पुरेसे कारण एकानेही दिले नाही. एका डॉक्टरांनी सगळे कागद चाळून हे मनाचे आहे, झोपेची गोळी घ्या आणि पायाकडे बघू नका, असे सांगितले. पायाकडे न बघणे मला जमले असते. मुलांना ते सांगणे शक्य नव्हते.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी सुनेने मोबाइलवर क्लिप घेतल्या, आणि त्यांचा जितका उपयोग झाला तितका कागदांच्या जाड फायलीचाही झाला नाही. एक क्लिप बसलेली असताना, एक उभी असताना, एक गोळा आलेला असताना, आणि एक मी गाढ झोपेत असताना. त्या शेवटच्या क्लिपमध्ये बोटे स्वस्थ होती. डॉक्टरांनी तीच पुन्हा मागे नेऊन पाहिली आणि प्रश्नांना सुरुवात केली: दुखणे आधी की हालचाल आधी? पाय हलवावासा वाटतो म्हणून हलतो, की काही न वाटता हलतो? चालल्याने बरे वाटते का? मळमळीवरचे मेटोक्लोप्रामाइड किंवा मानसिक आजारावरचे एखादे औषध पूर्वी बराच काळ घेतले होते का? कमरेला मार, पायाला दुखापत, नागीण? एकेका प्रश्नाने एकेक शक्यता बाजूला पडत होती. रेस्टलेस लेग्ज या विकारात पाय हलवण्याची अनावर ओढ वाटते, संध्याकाळनंतर ती वाढते आणि चालल्याने शमते. मला ओढ वाटत नव्हती आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही पुरेसे होते. पार्किन्सनमध्ये सकाळी उठताच पाऊल आत वळून दुखू शकते, म्हणून त्यांनी मला चालायला लावले, हाताचे पंजे भराभर उलटसुलट करायला लावले. त्यात काही आढळले नाही.

नंतरची परीक्षा मला फार आवडली. डाव्या हाताने टेबलावर ते देतील त्या लयीत टकटक करायची, आणि ते लय मध्येच बदलणार. बडोद्यात गरबा खेळत वाढलेल्या बाईला ठेका धरायला शिकवावे लागत नाही. मी ठेका धरला, त्यांनी तो दुप्पट केला, मग अर्धा केला, आणि बोटे मात्र आपल्याच गतीने चालत राहिली. फंक्शनल प्रकारची, म्हणजे मज्जासंस्थेची रचना ठीक असून तिच्या कामातल्या बिघाडाने होणारी हालचाल असती तर ती बहुधा हाताची लय उचलते किंवा थांबते, असे त्यांनी समजावले, आणि लगेच जोडले की तो प्रकारही खोटा किंवा मुद्दाम केलेला नसतो; तो असल्या खुणांवरून ओळखायचा असतो, अहवाल स्वच्छ आले म्हणून कोणावर लादायचा नसतो. आधीच्या डॉक्टरांचे "हे मनाचे आहे" हे वाक्य माझ्या मनातून गेले ते तेव्हा.

एनसीव्हीत पायाला विजेचे बारीक झटके देऊन नसांचा वेग मोजतात, तो ठीक आला. पण जळजळ वाहून नेणारे अगदी बारीक तंतू या तपासणीत दिसत नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. ईएमजीत पावलाच्या स्नायूत सुई घातली, तेव्हा बोट हलले की यंत्राच्या स्पीकरमधून खरखर यायची आणि बोट थांबले की थांबायची. सुई दुखते, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

निदान लिहून मिळाले ते पेनफुल लेग्ज अँड मूव्हिंग टोज, म्हणजे दुखणारे पाय आणि हलणारी बोटे. स्पिलेन, नेथन, केली आणि मार्सडेन यांनी १९७१ साली ब्रेन या नियतकालिकात सहा रुग्णांवरून त्याचे वर्णन केले होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१२ साली ७६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या. काहींत नसांचा विकार, मणक्यातून निघणाऱ्या नसेवरचा दाब किंवा जुनी दुखापत सापडते आणि बऱ्याच जणांत काहीच सापडत नाही. मी त्या दुसऱ्या गटात आहे. बी-१२ हे थोडेफार कारण असेल, पण ते भरून आल्यावरही बोटे थांबली नाहीत, तेव्हा सगळा दोष त्याच्यावर टाकायला डॉक्टर तयार नाहीत आणि मीही नाही.

उपचारही तीन खात्यांप्रमाणेच ठरले. जळजळीसाठी रात्री गॅबापेन्टिन, लहान मात्रेपासून हळूहळू वाढवत. पहिल्या आठवड्यांत चक्कर आणि सुस्ती इतकी होती की सकाळची शिकवणी दुपारी न्यावी लागली. हे औषध मनाने एकदम बंद करायचे नसते, आणि मूत्रपिंडाचे काम पाहून त्याची मात्रा ठरवतात. पायात येणाऱ्या गोळ्यांसाठी स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन थोडे दिले आहे. तेही अचानक सोडणे धोक्याचे असते. क्लोनाझेपाम या शामक औषधाची सवय लागू शकते म्हणून ते आम्ही दोघांनी मिळून टाळले. बोटांच्या हालचालीसाठी स्नायू ढिले पाडणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन सुचवले गेले, त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि मग ते पुन्हा घ्यावे लागते. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी तेवढा खर्च आणि बोटांत येऊ शकणारा अशक्तपणा मला पटला नाही. ज्यांची बोटे बुटात घासून सोलली जातात त्यांचा हिशेब वेगळा असू शकेल.

घरच्या गोष्टींत सगळ्यात मोठा फरक पांघरुणाने पडला. दुलईचे वजन पावलावर आले की पाऊल खाली झुकते आणि पहाटे गोळा येतो. आता पायथ्याशी उशी उभी करून दुलई तिच्यावरून सोडते. गोळा आलाच तर उठून टाच जमिनीवर रोवते आणि बोटे हाताने वर ओढून धरते, चोळत बसण्यापेक्षा हे लवकर लागू पडते. गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपराने पाणी पाहते, कारण जळजळणाऱ्या तळव्याला चटका नीट कळत नाही. अंगठ्याची चप्पल पायातून निसटते म्हणून मागे पट्टा असलेली, पुढे रुंद सँडल घेतली. देवळातल्या थंड फरशीवर अनवाणी उभे राहिले की त्रास वाढतो, म्हणून थंडीत मोजे घालून जाते. पुजारीबुवांनी आजवर काही म्हटलेले नाही.

सध्या गोळा आठवड्यातून एखाद्या रात्री येतो, पूर्वी तो जवळजवळ रोज येत असे. जळजळ आहे, पण झोप मोडण्याइतकी क्वचितच. बोटे पूर्वीइतकीच हलतात. मुलांना मी आता पहिल्याच दिवशी सांगून टाकते की हे आपोआप होते, दुखत नाही आणि कोणाला लागत नाही; त्यावर ती दोन मिनिटे टक लावून बघतात आणि मग वही उघडतात. पुढच्या भेटीत बॅक्लोफेनची मात्रा कमी करता येईल का, हे विचारायचे आहे.