कुणासाठी केलेला रस्ता

जुना रस्ता दिसला की मी आधी त्याची रुंदी बघते, मग चढ, मग कडेचे दगड. तो कुठे जातो हे नंतर. त्यावरून कोण चालायचं, पाठीवर काय असायचं, हे बहुतेक वेळा एवढ्यावरून कळतं.

उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागातले ओझ्याच्या घोड्यांचे दगडी पूल घ्या. एक लादलेला घोडा जाईल एवढेच रुंद, आणि कठडे बुटके, काही ठिकाणी तर नाहीतच. ओढ्यावरच्या पुलाला आधार नको? पण घोड्याच्या दोन्ही अंगांना गाठोडी लोंबायची, उंच कठड्याला ती घासली असती. बांधणाऱ्याने माणसाच्या भीतीपेक्षा ओझ्याची सोय पाहिली. मला हे फार आवडतं.

दक्षिण इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या मऊ वालुकाश्मात मात्र कुणी काही बांधलं नाही. खुरांनी आणि चाकांनी माती सुटी व्हायची, पाऊस ती उताराने वाहून न्यायचा. शेकडो वर्षांत वाट शेताच्या पातळीखाली काही मीटर खोल गेली.

वेल्समधून लंडनच्या बाजाराकडे गुरांचे कळप पायी हाकत नेत, तिथे प्रश्न टिकण्याचा होता. कठीण रस्त्यावर खूर झिजत, म्हणून गुरांना नाल मारत. खूर दुभंगलेला, त्यामुळे एका खुराला दोन तुकडे, एका जनावराला आठ. रस्त्यांवर जकातनाके उभे राहिले तेव्हा हाकणारे जमेल तिथे डोंगरातून वळसा घेत. त्या रुंद हिरव्या वाटा आजही दिसतात.

आणि दक्षिण अमेरिकेतले इंका. 'त्यांना चाक माहीत नव्हतं' हे वाक्य मागासलेपणाचा पुरावा म्हणून ऐकवतात, तेव्हा मला राग येतो. अँडीज पर्वतात त्यांचं रस्त्यांचं जाळं सुमारे 30,000 किलोमीटरचं होतं. प्रवासी होते पायी माणसं आणि लामा, म्हणजे उंटाच्या कुळातलं ओझं वाहणारं जनावर, आणि एक लामा साधारण 25 ते 30 किलो उचलतो. मग तीव्र चढावर वळणं घेत लांबचा रस्ता कशाला काढायचा? त्यांनी सरळ पायऱ्या खोदल्या. निरोप घेऊन धावणारे चास्की टप्प्याटप्प्यावर बदलत, त्यांनाही हाच जवळचा मार्ग सोयीचा. 1532 मध्ये स्पॅनिश लोक घोडे घेऊन आले आणि त्याच पायऱ्यांवर घोड्यांचे हाल झाले. रस्ता उत्तम होता, फक्त तो घोड्यांसाठी केलेला नव्हता.